लेझर-प्रतिबंधक चष्मा लावून पापीचे (उतरण्याचा योग्य उतार दाखवणारे, धावपट्टीशेजारचे) दिवे नीट ओळखता येतात का?

उजवी_खुर्ची :
नमस्कार. मी सह-वैमानिक आहे. गेल्या गणेशोत्सवात रात्री उतरताना, जमीन हजारेक फुटांवर असताना, खालच्या मिरवणुकीतला हिरवा झोत थेट कॉकपिटमध्ये आला. समोरच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा उजळून निघाला. विमान कॅप्टनसाहेबांच्या हाती होते, त्यामुळे आम्ही सुखरूप उतरलो. पण माझ्या डोळ्यांपुढचा जांभळट डाग पार्किंगला पोहोचेपर्यंत हटला नाही. तेव्हापासून लेझर-प्रतिबंधक चष्मा घेण्याचा विचार आहे. जी काच हिरवा प्रकाश अडवते, ती लावून धावपट्टीचे दिवे आणि स्क्रीनवरचे रंग ओळखता येतील का? ओळखीचे एकजण कारखान्यात वापरायचा नारिंगी काचेचा चष्मा स्वस्तात देत आहेत. तो चालेल का?

प्रकाशवेध :
नारिंगी चष्मा कृपया घेऊ नका. त्या काचेतले रंगद्रव्य 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेझरसोबत जवळजवळ सगळा निळा आणि बराचसा हिरवा प्रकाशही गिळते. टॅक्सीवेच्या (धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या मार्गाच्या) कडेचे निळे दिवे त्यातून दिसेनासे होतील. प्रयोगशाळेतल्या चष्म्यांची प्रकाशीय घनता (प्रकाश अडवण्याचे माप) अनेकदा 4 किंवा अधिक असते, म्हणजे त्या तरंगलांबीचा दहा हजारांश प्रकाशच आत येतो. दुरून आलेल्या झोतापासून दिपू नये एवढ्यासाठी तितकी घनता लागत नाही.

वैमानिकांसाठीच्या काचांवर बहुधा पातळ थरांचे लेपन असते आणि ते 532च्या आसपासची अरुंद पट्टीच परतवते. बाकीचा वर्णपट शाबूत राहतो, तरी पांढऱ्यातला थोडा हिरवा वजा झाल्याने पांढरा किंचित गुलाबीकडे झुकतो. आणखी एक मेख आहे: प्रकाश काचेवर तिरपा पडला की ही पट्टी कमी तरंगलांबीकडे सरकते. 30 अंशांच्या तिरपेपणाला ती वीसेक नॅनोमीटर सरकू शकते. मग बाजूने आलेले लेझर आत शिरते आणि काचेच्या कडेला रंगही वेगळे दिसतात. निळ्या, 445 नॅनोमीटरच्या लेझरला ही काच अडवत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

जुना_कप्तान :
वरच्या प्रतिसादातले ‘किंचित गुलाबी’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पापीचे (नाव ऐकून नवखे हसतात, पण रात्री हाच पापी तारतो) चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की आपण योग्य उतारावर आहोत. चारही लाल म्हणजे विमान फार खाली. दमट, धुरकट हवेत दुरून पांढरा दिवा आधीच पिवळट-तांबूस भासतो, त्यात चष्म्याने गुलाबी झाक दिली तर तिसरा दिवा पांढरा की लाल, हे ठरवायला एक-दोन क्षण जास्त लागतील. वैद्यकीय तपासणीत आपली रंगदृष्टी या चष्म्याविना पाहिलेली असते, हे विसरू नये.

जुन्या तापदिव्यांचा वर्णपट रुंद असल्याने त्यांचा हिरवा थोडा कापला तरी रंग टिकतो. एलईडीचा हिरवा मुळातच अरुंद. तो नेमका त्या पट्टीत सापडला तर दिवा बराच मंद होतो. मी स्वतः चष्मा हाताशी ठेवतो आणि आधीच्या विमानाने लेझरची सूचना दिली असेल तरच लावतो. अचानक झोत आला तर नजर खाली उपकरणांवर, कॉकपिटमधले दिवे वाढवायचे, डोळे चोळायचे नाहीत आणि नियंत्रकाला कळवायचे, हा क्रम चष्मा असो वा नसो, तोच.

उजवी_खुर्ची :
दोघांचेही आभार. एका सहकाऱ्याचा लेपनवाला चष्मा काल रात्री उभ्या विमानात लावून पाहिला. मार्गाची राणी रंगाची रेघ होती तशीच दिसली, अंबर इशाराही स्पष्ट होता. मात्र स्वयंचलित उड्डाण-यंत्रणेच्या चालू मोडची हिरवी अक्षरे शेजारच्या पांढऱ्या अक्षरांपेक्षा एवढी फिकी पडली की मला स्क्रीनचा प्रकाश वाढवावा लागला. मान न वळवता नुसते डोळे फिरवून कॅप्टनच्या बाजूची स्क्रीन पाहिली, तेव्हा तिथला हिरवा वेगळ्याच छटेचा दिसला. नारिंगी चष्मा परत केला आहे. लेपनवाला विकत घेण्याआधी तो सिम्युलेटरमध्ये रात्रीच्या अवतरणाला लावून पाहीन, आणि पापी कसा दिसला ते इथेच लिहीन.