मदत हवी आहे : शाईचं व्यक्तिचित्र लहान करून छापताना रेषा मिसळतात

रॉजर फ्राय (१८६६–१९३४) या इंग्रज कलासमीक्षकाचं व्यक्तिचित्र करतेय. १९१० साली लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत प्रदर्शन भरवून ज्यांनी इम्प्रेशनिस्टांनंतरच्या चित्रकारांसाठी ‘पोस्ट-इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द रूढ केला, तेच हे. एका छोट्या पुस्तिकेत त्यांच्यावरच्या टिपणाशेजारी ते छापायचंय.

टाक आणि काळी इंडियन इंक, गुळगुळीत ब्रिस्टल कागद. मूळ चित्र १८ सेंमी रुंद, छापायचं ६ सेंमी. छपाई फक्त काळ्या शाईत आणि निव्वळ रेषेची, त्यामुळे वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा हात) किंवा करडी छटा चालणार नाही.

कागदावर चित्र छान दिसतं. लहान केलं की चष्म्याच्या गोल काचांमागची सावली आणि गालावरच्या खोल सुरकुत्या मिळून शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं! बिचारे फ्राय डोळा सुजल्यासारखे दिसतात.

६०० आणि १२०० डीपीआयला स्कॅन केलं, फरक नाही. थ्रेशोल्ड (स्कॅनमध्ये किती गडद छटेपासून काळं धरायचं ती मर्यादा) खाली आणला तर डाग मोकळा होतो, पण कपाळावरच्या बारीक रेषा तुटतात. डोळ्याखालची आडवी-उभी जाळी काढून एकाच दिशेच्या रेषा मारल्या. थोडं सुधारलं, पण चेहरा सपाट झाला.

पुन्हा काढायची तयारी आहे, डिजिटल मात्र नको. एक तृतीयांश करायचं असेल तर मूळ चित्रात रेषेची जाडी आणि दोन रेषांमधलं अंतर कमीत कमी किती मिलिमीटर ठेवता? की सरळ छपाईच्याच मापात काढू?