अनुभव धागा: दोन पॅनलच्या गावात ग्रामसभा सगळ्यांची कशी ठेवता?

निवडणूक आटोपते, पारावरच्या दोन टोळ्या मात्र मोडत नाहीत. विरोधातल्या माणसाला ग्रामसभेत बोलता यावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच धुऱ्यावर शेजाऱ्याशी राम राम करता यावा, यासाठी तुमच्याकडे नेमकं काय करतात? आपबीती नको, कृती लिहा.

माजी सदस्य, केळापूर तालुका
नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची चार दिवस आधी. फळ्यावर कागद डकवला म्हणजे झालं नाही. दवंडी मुख्य रस्त्यानं फिरते. तांडा अन् कोलामांचा पोड (वस्ती) सुटतो, मग "आमाले बोलावलंच नाही" हे खरंच असतं. म्हणून दवंडीवाल्याला मार्ग लिहून द्या, विहार, मशीद, मंदिर सगळीकडे नोटीस लावा. 2 ऑक्टोबरची सभा सोयाबीन सोंगणीत सापडते. मजूर वावरात, सभेत पुढारी. जी तारीख आपल्या हातात असते ती आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या. त्या दिवशी मजुरीला खाडा असतो.

निवृत्त ग्रामसेवक, आर्वी
खरी लबाडी कोरममध्ये, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत होते, भाऊ. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी तो कोरम. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणून पहिली सभा मुद्दाम पडू देतात आणि पुढच्या वेळी दहा-बारा जण ठराव करून मोकळे. उपाय दोन. तहकूब सभेची दवंडी पहिल्या सभेसारखीच फिरवा. तिथे नवा विषय आला तर लगेच हरकत घ्या. मूळ नोटिशीतलेच विषय चालतात. कोऱ्या पानावर सही देऊ नका. शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारून घ्या, रिकाम्या जागेत नंतर ओळी उगवतात. विरोध केला असेल तर नाव अन् कारण लिहायला लावा, "सर्वानुमते" लिहू देऊ नका.

सदस्या, समुद्रपूर तालुका
आरक्षण 50 टक्के असलं तरी माइक नवऱ्याच्या हाती जातो. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू नका. तिचे ठराव ग्रामसभेत सगळ्यात आधी, बाईनंच वाचावेत. शेवटी ठेवले तर तोवर माणसं उठलेली असतात.

धानोरा तालुका, गडचिरोली
आमच्याकडचं मेंढा (लेखा) हे गाव बहुमतावर चालत नाही, सर्वसहमतीवर चालतं. विषय आधी अभ्यास गटात चघळला जातो. एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढच्या सभेवर. वेळ लागतो जी, पण हरलेली बाजूच राहत नाही.

ब्रह्मपुरीकर
छोट्या गोंड गावात जमतं, मान्य. चार जातींच्या गावात सहमतीच्या नावाखाली गरीब माणूस मान डोलावून घरी जातो. ज्याच्या वावरात कामाला जातो त्याच्यासमोर तो हात वर करणार काय? तिथं गुप्त मतदानच बरं. दारू दुकान बंद करायच्या बाटलीच्या मतदानात ते दिसतं: 25 टक्के महिला मतदारांचा अर्ज, मग चिठ्ठीवर उभी बाटली की आडवी. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात, आलेल्यांच्या नव्हे. म्हणून मिरची तोडाईला बाया तेलंगणात गेल्या असताना मतदान लागलं की ते पडतंच. अर्ज करतानाच हंगाम पाहा.

तंटामुक्त समिती, दर्यापूर तालुका
सभेतला राग पोळ्याला बाहेर निघतो. तोरणाखाली कोणाची जोडी आधी, यावरून काठ्या निघतात. मानाचा क्रम पोळ्याआधीच चिठ्ठी टाकून ठरवा, पोलीस पाटलासमोर लिहून दोन्ही पॅनलच्या सह्या घ्या. मिरवणुकीचा रस्ता अन् विहार-मशिदीपुढे वाद्य कुठून कुठपर्यंत बंद, हे "थोडं पुढे" असं मोघम नको. अमक्या खांबापासून तमक्या खांबापर्यंत, असं लिहा. गंभीर गुन्हा मात्र समितीत मिटवायचा नसतो, तो ठाण्यात जाऊ द्या.

आर्वी (पुन्हा)
एक राहिलं. ठरावाची नक्कल तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.