लस आली, मग जुलाबाच्या मुलांची विषाणू तपासणी गोव्यात कशाला?

डिचोलीकर
आमच्या पालकांच्या गटात एकाने विचारलं, लहान मुलांत जुलाब-उलटी करणाऱ्या रोटाव्हायरस (थोडक्यात रोटा) या विषाणूवरची लस सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, मग जुलाब-उलटीने इस्पितळात दाखल झालेल्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासून काय मिळणार? माझं मत उलट आहे. लस आली म्हणूनच तपासणी हवी.

२०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र या चार राज्यांत ही लस सुरू झाली. त्याच्या दहाएक वर्षं आधीपासून आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या जाळ्यातली इस्पितळं नमुने गोळा करत होती. जुलाबाने दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी साधारण ४० टक्के मुलांत रोटा सापडत होता. तो आकडा हाती होता म्हणून लसीची बाजू भक्कम झाली. आता पुढचा हिशोब कोण मांडणार? रोटाव्हॅक या भारतीय रोटा-लसीच्या चाचणीत पहिल्या वर्षात गंभीर आजारापासून मिळालेलं संरक्षण साधारण ५६ टक्के होतं. म्हणजे तिन्ही डोस घेऊनही काही मुलं दाखल होणारच. ती किती, कुठल्या वयाची, विषाणूच्या कुठल्या प्रकारामुळे, हे मोजल्याशिवाय कळायचं नाही. बांबोळी, म्हापसा आणि मडगाव इथल्या सरकारी इस्पितळांत ही तपासणी कायमची सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं.

फोंडेकर
डिचोलीकर, मला हे पटत नाही. रोटा निघो की जुलाबाचा दुसरा विषाणू नोरो, मुलाला द्यायचं तेच: ओआरएस, झिंक, अंगावरचं दूध, पेज. तपासणीने उपचारात तसूभर फरक पडत नाही. उलट जिथे फरक पडतो तिथे माणसं नाहीत. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक १४ दिवस द्यायचं असतं, पण जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी गोळ्या कपाटात जातात. घरी जाऊन ते बघणारी एक बाई नेमा, तपासणीच्या किटपेक्षा जास्त मुलं वाचतील.

शिवाय इस्पितळात मोजणार म्हणजे इस्पितळात पोचलेलीच मुलं मोजणार. बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी आई रोजंदारी बुडवून येते का? ती मेडिकलवरून बाटली घेते. तिचं मूल तुमच्या तक्त्यात येतच नाही.

वॉर्डातली ताई
मी बालविभागात परिचारिका आहे, म्हणून कामाचं सांगते. नमुना दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्यावा लागतो. नंतर घेतला तर मूल घरून विषाणू घेऊन आलं की शेजारच्या खाटेवरून त्याला लागला, ते सांगता येत नाही. आणि पाण्यासारखं शौच डायपर शोषून घेतो, नमुन्याला काही उरत नाही. डायपर उलटा लावायचा, नाहीतर आत प्लास्टिक घालायचं, आणि आईला हे समजवायचं. रात्रपाळीला दोघी असताना हे कोण करणार? वेगळं माणूस देणार असाल तर माझा पाठिंबा आहे. आमच्याच डोक्यावर आणखी एक रजिस्टर येणार असेल तर स्पष्ट विरोध.

बालरोगवाला
फोंडेकर, या मुलाच्या उपचाराला निकालाचा उपयोग नाही, हे खरं. विषाणू ओळखणारी एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी बरेच नमुने जमले की एकदम लावतात, तोवर मूल घरी गेलेलं असतं. पण ही तपासणी त्या मुलासाठी नाहीच. ती पुढच्या मुलांसाठी आहे.

इस्पितळापर्यंत न पोचणाऱ्या मुलांचा मुद्दा मोठा आहे, तरी एक गोष्ट बघा. दाखल मुलांत रोटा निघालेली एकीकडे आणि न निघालेली दुसरीकडे ठेवायची, आणि दोन्हीकडे लसीचं कार्ड बघून डोस किती झाले ते मोजायचं. दोन्ही गटांतली मुलं त्याच इस्पितळात पोचलेली, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी न्याय्य होते आणि लस किती काम करते ते निघतं. गावातली प्रत्येक हगवण मोजावी लागत नाही.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाशिल्ड ही लस आली. बाळांचं आतडं आतड्यात शिरल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि १९९९ मध्ये ती मागे घेतली. कुणी नोंदी पाहत होतं म्हणून ते लक्षात आलं. आपल्या लसींवरही तशीच नजर ठेवायला हवी.

फोंडेकर
डॉक्टर, तुलनेचं समजलं. पण पाण्याचं काय? टँकर आणि विहिरी सुधारल्या तर अर्धं दुखणं जाईल.

बालरोगवाला
कॉलरा, टायफॉइड, हगवण यांत खूप फरक पडेल. रोटात तेवढा नाही. लसीच्या आधी अमेरिका-युरोपातही, नळाला उत्तम पाणी असून, पाच वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो होऊन जायचा. हात, खेळणी, पाळणाघरातली चटई, एवढं त्याला पुरतं. आपण जुलाब म्हणजे पावसाळा असं धरून चालतो, पण देशाच्या बऱ्याच भागांत रोटा थंडीत जास्त दिसतो. गोव्याचा स्वतःचा महिनावार तक्ता असेल तर बालविभागाला खाटा आणि सलाईनची तयारी आधी करता येईल.

सावंतवाडीची आई
आम्ही सिंधुदुर्गातली माणसं मूल अत्यवस्थ झालं की बांबोळीच गाठतो. कारवारकडचेही येतात. मग आमची मुलं गोव्याच्या हिशोबात की महाराष्ट्राच्या? लसीचं कार्डही आमच्या जिल्ह्याचं. नोंदीत राहण्याचा तालुका लिहिला नाही, तर एखाद्या गावात साथ असूनही ती कुणाच्याच लक्षात येणार नाही.

डिचोलीकर
सावंतवाडीच्या ताई, हे फार महत्त्वाचं. तालुका आणि कार्डाचा फोटो, दोन्ही पहिल्या दिवशीच घ्यायला हवेत. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाच्या (गोचिडीमुळे पसरणाऱ्या विषाणूच्या तापाच्या) बाबतीत गाव-वाड्यापर्यंत नोंदी ठेवायची सवय आपल्या आरोग्य खात्याला लागलेलीच आहे. मुलांच्या जुलाबाला तेवढं महत्त्व का नाही?

फोंडेकर
कारण माकडतापाचे रुग्ण मोजके आणि जुलाबाचे रोजचे. माझा विरोध थोडा मवाळ झाला, पण पूर्ण गेलेला नाही. तीन इस्पितळांत सुरू करा, ताईंना वेगळं माणूस द्या, आकडे दर महिन्याला जाहीर करा, फायलीत पुरू नका. आणि त्याच माणसाकडून घरी गेलेल्या मुलाच्या आईला दहाव्या दिवशी एक फोन करून घ्या: झिंक चालू आहे का? हे त्या कामात नसेल तर मी विरोधातच आहे.

वॉर्डातली ताई
फोन चालेल. फक्त आईचा नंबर घ्यावा लागेल. आमच्याकडे बहुतेक वेळा वडिलांचाच लिहिलेला असतो आणि ते कामावर असतात.