मदत हवी आहे: सेन्सेट फोकसच्या दुसऱ्या टप्प्यावर जोडपी अडकतात

वनजुई: प्रश्न समुपदेशन करणाऱ्यांसाठी आहे. सेन्सेट फोकस म्हणजे जोडप्याने टप्प्याटप्प्याने करायचा स्पर्शाचा सराव. लिंगाच्या ताठरतेची धास्ती असलेल्या जोडप्यांचा पहिला टप्पा (संभोग बंद, स्तन आणि जननेंद्रिये सोडून स्पर्श) नीट पार पडतो. दुसऱ्यात जननेंद्रियांना स्पर्श सुरू झाला की पुरुषाचं सगळं लक्ष ‘येतेय का, टिकतेय का’ यावर. तपासण्या झाल्यात, सकाळची ताठरता व्यवस्थित आहे असं धरा. सूचनांत काय बदलू?

काठावरचा: ‘एकमेकांना सुख द्या’ असं सांगत असाल तर घोळ तिथेच आहे. मग ती परीक्षा होते आणि निकाल लिंगावर दिसतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या पद्धतीत (हा सराव आणणारे अमेरिकी लैंगिकता-संशोधक, त्यांचं पुस्तक 1970 चं) स्पर्श करणाऱ्याने स्वतःच्या हाताला काय जाणवतं एवढंच टिपायचं: गरम की गार, मऊ की खरखरीत, दाब किती. मन भरकटलं की या तिन्हींपैकी एकावर परत यायचं. उत्तेजना हुकुमावर येत नाही, लक्ष मात्र वळवता येतं.

दुसरा टप्पाही पाठ, मान, पोटऱ्या असाच सुरू करा. मांडीवरून हात वर जाताना लिंगावरून जातो आणि पोटाकडे निघतो. तिथे मुक्काम नाही. स्पर्श करायची प्रत्येकाची पाळी साधारण पंधरा मिनिटांची, मग अदलाबदल.

सगळ्यात महत्त्वाचं: ताठरता आली की हात मुद्दाम खांद्याकडे न्या, ती ओसरू द्या, मग परत या. असं दोनतीनदा. भीतीने अॅड्रेनॅलिन वाढतं, लिंगातले स्नायू आवळतात आणि रक्त भरत नाही. गेलेली परत येते हे अनुभवाला आलं की ही भीतीच ढिली पडते.

वनजुई: आणि ताठरता आली म्हणून त्यांनी संभोग केलाच तर?

मृद्गंध: हे फार होतं. रागावू नका, पण पुन्हा पहिल्या टप्प्यावर न्या, कारण बंदी मोडली की पुढच्या वेळी दोघंही वाटच बघत बसतात. बायकोलाही विचारा. ‘माझ्यात काही कमी आहे का’ या शंकेने तीही नजर ठेवून असते. तो तिला स्पर्श करत असताना तिने त्याच्या हातावर हात ठेवून जागा आणि दाब दाखवावा, बोलणं टळतं.

दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे असतील तर रात्रीचा हट्ट नको. घर रिकामं असेल ती दुपार ठरवून घ्या. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या चालू आहेत का तेही बघा. असल्या तर परस्पर बंद करू देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना कळवा.