जमलं नाही त्याची यादी
(ऑनलाइन चर्चेचा धागा, डिसेंबर २०२१)

विरार लोकल
परवा रविवारी दादरला आमच्या गावच्या मंडळाची सभा झाली. निम्म्या खुर्च्यांवर फुल्या, बाकीच्यांवर आम्ही, मास्क हनुवटीवर. गावचे नगराध्यक्ष मुद्दाम आले होते. पुढच्या आठवड्यात त्यांची मुदत संपते. गावाचं नाव लिहीत नाही. कोकणातली 'क' वर्ग नगरपरिषद, १७ नगरसेवक, एवढं पुरे. २०१६ साली नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचं ठरलं, त्या खेपेत हे आले. २०२० मध्ये कायदा पुन्हा फिरवलाय, त्याप्रमाणे पुढचा अध्यक्ष नगरसेवकच निवडणार. तोही कधी, देव जाणे. ओबीसी आरक्षणावरून कोर्टात जे चाललंय ते बघता आधी प्रशासकच बसेल.

मला वाटलं, आता तासभर विकासाची गाथा. तर त्यांनी दोनशे पानी वही काढली. डाव्या पानावर झालेली कामं. दोन दिवसांआड येणारं पाणी रोज येऊ लागलं, घंटागाडी ओला-सुका वेगळा नेते, स्मशानात शेड झाली. हे त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. मग उजवं पान. एसटी स्टँडसमोरचं गटार अजून तुंबतं. पाणीपट्टी वाढवायचा ठराव सभागृहाने पाडला, म्हणून पंपाचं वीजबिल थकलं. मासळी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं, नारळ फोडला, चालू झालं नाही. आणि मे २०२० मध्ये मुंबईहून आलेल्यांना ज्या शाळेत ठेवलं, तिथे पंखेसुद्धा नव्हते. "त्याची मला अजून लाज वाटते," म्हणाले, आणि वही मिटून खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

बत्तीस वर्षं मुंबईत आहे. आमच्याकडे कार्यअहवाल येतो तो गुळगुळीत कागदावर, प्रत्येक पानावर साहेबांचा फोटो. 'हे मला जमलं नाही' असं वाक्य मी एकाही लोकप्रतिनिधीच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या मते हा माणूस चांगला नगराध्यक्ष होता. पटत नसेल तर बोला.

खोली नंबर चार
नाही पटत. त्या शाळेच्या खोली नंबर चारमध्ये मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी चौदा दिवस होतो. वेशीवर बांबू आडवा. आमचं घर शाळेच्या मैदानातून दिसायचं, परसातला फणस दिसायचा, आणि आम्ही बाकं जोडून त्यावर झोपत होतो. सख्खा भाऊ डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचा आणि दहा पावलं मागे जाऊन उभा राहायचा. मुलीने विचारलं, काका आपल्याला घाबरतो का? ह्याच गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला आम्ही लालबागच्या चाळीत दारोदार पावत्या फाडल्यात.

आता म्हणे लाज वाटते. तेव्हा वाटली असती तर दोन पंखे भाड्याने आणले असते. कबुलीला काय पैसे पडतात? मुदत संपताना तर अजिबातच नाही.

खालची आळी
मी गावातच असतो. दादा, तुमचा राग खरा आहे, पण अर्धीच गोष्ट सांगताय. गावात एक ग्रामीण रुग्णालय, घरटी दोन म्हातारी माणसं, आणि टीव्हीवर दिवसभर धारावी. बांबू अध्यक्षांनी नाही घातला, आम्ही घातला. मी पण त्यात होतो. ते रोज रात्री वेशीवर येऊन लोकांना समजवायचे, गाड्या सोडायला लावायचे आणि आमच्या शिव्या खायचे.

आणि ३ जून विसरलात? निसर्ग वादळात त्याच शाळेचे पत्रे उडाले. तेव्हा चौदा दिवसवाले आणि गाववाले सगळे देवळाच्या सभामंडपात एकत्र दाटीवाटीने बसलो होतो. कुणी कुणाला 'लांब बस' म्हटलं नाही. तुमची लेक माझ्या आईच्या मांडीवर झोपली होती. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती, नारळी-पोफळी आडव्या. तो काळ त्या माणसाने कसा काढला ते आम्ही बघितलंय.

खोली नंबर चार
मांडीवर झोपली होती, खरंय. काकींना नमस्कार सांगा. पंख्यांचं मात्र उत्तर मिळालं नाही.

निवृत्त पालिकावाला
मुंबई महापालिकेत नोकरी करून निवृत्त झालो. धागाकर्त्यांनी मुंबईच्या लोकप्रतिनिधींशी तुलना केली, ती जरा चुकते. आपला महापौर उजवं पान लिहील तरी कशाच्या जोरावर? १८८८ च्या कायद्याने कारभार आयुक्तांच्या हातात, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौर अडीच वर्षं सभागृह चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. ३९ हजार कोटींच्या वरचं यंदाचं (२०२१-२२) बजेट, पण ते मांडतात आयुक्त. १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल आणून महापौरांना खरे अधिकार देऊन बघितले, ते वर्षभरात गुंडाळलं. मार्च २०२२ मध्ये आपल्याही सभागृहाची मुदत संपतेय. कुणी निरोपाचं भाषण केलंच, तर त्यात 'मी केलं' आणि 'मला जमलं नाही', दोन्ही वाक्यं उसनी असतील.

छोट्या शहरात निदान माणूस थेट निवडून आलेला असतो. पण तिथेही मुख्याधिकारी सरकारचा, तांत्रिक मंजुरी वरून, आणि वित्त आयोगाचा निम्म्याहून जास्त पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. त्यात अध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की पाच वर्षं विषयपत्रिकेवर कुस्ती. २०१६ नंतर हे कितीतरी गावांत झालंय.

हिशोबनीस
काका, म्हणजे डावं पान अध्यक्षांचं आणि उजवं पान मुख्याधिकाऱ्यांचं? हा हिशोब मला कळत नाही. अधिकार नव्हते तर रोजच्या पाण्याचं श्रेय तरी का घेता?

आणि त्या रोजच्या पाण्याबद्दल. माझी आत्या वरच्या आळीत राहते. पाणी येतं रोज, पण पंचवीस मिनिटं, आणि तेही खालच्या आळीच्या टाक्या भरल्यावर. आधी दोन दिवसांआड दीड तास यायचं. आता गुणाकार तुम्हीच करा. खरी सत्ता व्हॉल्व्हमनच्या पान्यात आहे. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह आधी फिरवायचा हे त्याला कोण सांगतं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हे उजव्या पानावर होतं का?

विरार लोकल
नव्हतं. हे मला माहीत नव्हतं, विचारायला हवं होतं. पण जुने सिमेंटचे पाइप बदलले, गळती कमी झाली, हे तरी मानाल?

हिशोबनीस
मानतो. अर्ध्या गावात बदलले.

बोरिवलीची माहेरवाशीण
सभेला मी पण होते. एक गोष्ट धाग्यात आलीच नाही, ती मुद्दाम गाळली की काय? अध्यक्षांनी शेवटी बंद घरांच्या थकलेल्या घरपट्टीचा विषय काढला. नावं नाही वाचली, भला माणूस. पण हॉलमध्ये एकदम जो तो मोबाइल बघायला लागला. गावात कुलूपबंद घरं कुणाची? आपली. गणपतीत आठ दिवस आणि शिमग्याला चार दिवस जायचं, गटार तुंबलं म्हणून फोटो टाकायचे आणि घरपट्टीचं बिल काकाच्या घरी पडून. आपलं मत कांदिवलीत आणि मतं मांडायला गाव!

खोली नंबर चार
हे माझ्यावर आहे का?

बोरिवलीची माहेरवाशीण
माझ्यावरच आहे. वडील गेल्यापासून घर तिघा भावंडांच्या नावावर व्हायचंय, म्हणून कुणीच भरत नाही. तीन वर्षं झाली.

खोली नंबर चार
आमची दोन.

निवृत्त पालिकावाला
ह्याच कारणाने पाणीपट्टीचा ठराव पडतो. नगरसेवकाला उद्या मत मागायचं असतं. ठराव आणणारा अध्यक्ष मूर्ख तरी असतो, नाहीतर प्रामाणिक. कधीकधी दोन्ही.

टोपलीवाली
तुम्ही सगळे पाणी, पंखे, घरपट्टी बोलताय. उजव्या पानावर स्वच्छतागृह होतं ना? दोन दिवसांत त्याच्यावर एकाने एक ओळ लिहिली नाही, म्हणून लिहिते.

मी भांडुपला असते. सासूबाई गावात मासळी विकतात. पहाटे होडीवर लिलावाला जातात, तिथून टोपली घेऊन बाजारात. दीड-दोनपर्यंत ओट्यावरून उठायचं नाही, उठलं की गिऱ्हाईक शेजारणीकडे. घर लांब. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पंचवीस-तीस बायका असंच करतात. दोनदा लघवीच्या जळजळीने तापल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाला पाणी भरपूर प्या. सासूबाई हसल्या त्याच्यावर.

ते स्वच्छतागृह त्यांच्या ओट्यापासून चाळीस पावलांवर आहे. निळी फरशी, बाहेर साडीतल्या बाईचं चित्र. नारळ फोडला त्या दिवशी बायकांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून कुलूप. वर्षातून एकदा स्वच्छतेचं मार्कं द्यायला पथक येतं तेव्हा उघडतं, बादल्या भरून ठेवतात, फोटो निघाले की परत कुलूप. सासूबाई म्हणतात, आमच्यापेक्षा फोटोवाल्याला जास्त लागते.

आता तुमच्या वादाबद्दल. यादीत नाव आलं म्हणून कुलूप निघत नाही, हे 'खोली नंबर चार' दादांचं बरोबर आहे. पण अध्यक्षांनी ते दादरला भर सभेत वाचलं, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई जरा थांबल्या. "आपला बाजार म्हणाला तो?" त्यांनी दोनदा विचारलं. इतकी वर्षं तो बाजार कुणाच्या कुठल्याच पानावर नव्हता.

खालची आळी
वहिनी, रोज त्या बाजारातून जातो. कुलूप बघितलंय. कधी विचारलं नाही, खरं सांगतो.

हिशोबनीस
अध्यक्षांनी ते पाच वर्षं बघितलंय, त्यांनी तरी कुठे विचारलं? चावी मागायला कुठल्या मंत्रालयाची मंजुरी लागते?

विरार लोकल
आत्ता त्यांना फोन लावला होता. चावी कंत्राटदाराकडे आहे. त्याचं शेवटचं बिल अडकलंय म्हणून ताबा दिलेला नाही. बिल का अडकलं, तर काम अपुरं असा शेरा. "माझे सहा दिवस उरलेत," म्हणाले, "उद्या स्वतः जाऊन चावी आणतो, नाही दिली तर कुलूप तोडतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

खोली नंबर चार
सहा दिवस उरल्यावर? मी मत बदललेलं नाही. पण तोडलं तर फोटो टाका. शनिवारी मी गावी जातोय, घरपट्टी भरायला. माहेरवाशीण ताई, तुमच्या बिलाची रक्कमही विचारून येऊ का?

बोरिवलीची माहेरवाशीण
विचारा. भावांना मी बघते.

निवृत्त पालिकावाला
एक मिनिट. 'काम अपुरं' म्हणजे नेमकं काय अपुरं, ते विचारलंत का? बहुतेक वेळा अशा ठिकाणी टाकी असते, नळ असतात, मुख्य लाइनपासून जोडणी नसते.

विरार लोकल
परत फोन केला. जोडणी नाही.

टोपलीवाली
मग चावी घेऊन आमच्या बायका काय करतील?