परड्यातल्या भाज्यांना राख घालावी की घालू नये? (मदत हवी आहे)

परड्यातली:

नमस्कार. मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते. घरामागे साधारण १० फूट बाय १८ फुटांचे परडे आहे. माती नदीकाठची काळी असून ती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. गेली तीन वर्षे मी तेथे टोमॅटो, भेंडी, गवार आणि मेथी घेत आहे. मांडवावर दुधी आणि दोडका आहे, तर गच्चीवरच्या कुंड्यांत मिरची आणि वांगी आहेत.

भाजी लावण्याचे बहुतेक ज्ञान मला सासूबाईंकडून मिळाले. त्यांचे माहेर राधानगरी तालुक्यातले आणि वय आता ७९ आहे. त्यांच्या सांगण्यावर शंका घेणे मला अवघड जाते. त्यांचे कित्येक सल्ले खरे ठरलेले मी स्वतः पाहिले आहेत. वेलभाज्यांचे बी त्या मृगाच्या तोंडावर टोकायला लावतात. मृग सूर्याच्या गतीवरून धरला जातो, त्यामुळे तो दर वर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो आणि आपल्याकडील पावसाशी त्याचा मेळ बसतो. ताजे शेण त्या आळ्यात कधीही घालू देत नाहीत, कारण त्यात हुमणी (मुळे खाणारी अळी) वाढते. ऊस पिकवणारे आमचे शेजारीही कच्च्या शेणखताबद्दल हेच सांगतात. त्यामुळे जुने ते सारे टाकून द्यावे असे माझे म्हणणे मुळीच नाही.

माझी मुख्य अडचण राखेची आहे. आमच्याकडे अंघोळीच्या पाण्याला अजून बंब पेटतो आणि त्याची सगळी राख परड्यात जाते. दर आठवड्याला प्रत्येक आळ्यात दोन ओंजळी आणि मावा दिसला की पानांवरही, असा सासूबाईंचा नेम आहे. राखेने झाड धरते, मुळे निरोगी राहतात आणि फळ गोड होते, असे त्या सांगतात. पहिल्या वर्षी काही जाणवले नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र टोमॅटो, गवार आणि मेथी पिवळी पडू लागली. यंदा श्रावण लागेपर्यंत टोमॅटोचे शेंडे जवळजवळ पांढरट झाले आहेत. सासूबाईंना वाटते की राख कमी पडली. मला उलट शंका येते, परंतु शंकेखेरीज माझ्या हातात काही नाही आणि केवळ शंकेच्या बळावर त्यांची साठ वर्षांची सवय मोडायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा प्रश्न दुधीचा. कोवळ्या दुधीकडे बोट दाखवले की तो कुजतो, म्हणून दाखवायचेच असेल तर बोट मुडपून दाखवावे, असे आमच्याकडे मानतात. माझ्या नातीने कौतुकाने बोट दाखवलेले चार दुधी बोटभर लांबीचे होऊन पिवळे पडले आणि गळाले. त्यावरून तिला बरेच बोलणे बसले, ती रडली, आणि त्यानंतर ती मांडवाखाली यायलाच तयार नाही. भाजीपेक्षा मला याचे दुःख अधिक आहे. बोट दाखवण्याचा यात संबंध नाही हे मला कळते. पण मग ते गळतात का, हे मला तिला आणि तिच्या पणजीला नीट सांगता यायला हवे.

आणखी दोन लहान शंका आहेत. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा आणि खड्यांचा जाड थर घातल्याने पाण्याचा निचरा खरोखर सुधारतो का? आणि भर उन्हात पानांवर पडलेले पाण्याचे थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, हे खरे आहे का?

मळईकर:

ताई, उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून सांगाव्यात. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे की बुडाच्या जुन्या पानांवर? पानाच्या शिरा हिरव्या राहिल्या आहेत की शिराच पिवळ्या झाल्या आहेत? आणि माती तपासून घेतली आहे का? आपल्या भागात पीक पिवळे पडले की सरसकट 'केवडा पडला' असे म्हणतात, पण या एका शब्दाखाली निरनिराळे आजार येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

परड्यातली:

टोमॅटो, गवार आणि मेथीची कोवळी पाने पिवळी आहेत. शिरा हिरव्या असून त्यांची जाळी स्पष्ट दिसते. बुडाची पाने चांगली हिरवी आहेत. भेंडीच्या दोन झाडांवर मात्र उलट आहे. तेथे शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवट आहे. हा फरक आपण विचारेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. मातीचा अहवाल उन्हाळ्यात आणला होता. त्यात सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कतेचा आकडा) ८.३, मुक्त चुनखडी जास्त आणि पालाश (पोटॅश) भरपूर असे लिहिले आहे.

मळईकर:

मग चित्र बरेच स्पष्ट आहे. भेंडीची ती दोन झाडे विषाणूने धरली आहेत. या रोगाला हळद्या म्हणतात आणि पांढरी माशी तो पसरवते. त्याला औषध नाही. ती झाडे आजच उपटून परड्याबाहेर टाकावीत.

टोमॅटो, गवार आणि मेथीला लोह मिळत नाही. लोह झाडात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे सहजी सरकत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याला आधी दिसते. नत्र कमी असते तर बुडाची पाने आधी पिवळी पडली असती. आपल्या काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. परंतु सामू साडेसातच्या वर गेला आणि चुनखडी जास्त असली की ते अशा रूपात अडकते की मुळांना उचलता येत नाही. पावसाळ्यात माती चिंब राहिली की हा त्रास आणखी वाढतो. श्रावणात शेंडे पांढरे पडण्याचे तेही एक कारण आहे, सगळा दोष राखेवर टाकू नये.

आता राखेविषयी. लाकूड जळताना त्यातील नत्र निघून जातो आणि मागे मुख्यतः चुना व पालाश उरतो. राख तीव्र अल्कधर्मी असते. तुमच्या मातीत चुना आधीच जास्त आहे आणि पालाशही भरपूर आहे, म्हणजे राखेतून मिळण्यासारखे तेथे काही नाही. सामू तेवढा वर ढकलला जातो. मात्र सासूबाईंचे सांगणे मुळात चुकीचे नाही. राधानगरीकडच्या तांबड्या, जांभ्या मातीतून मुसळधार पावसाने चुना आणि पालाश दर वर्षी धुऊन जातात आणि माती आम्लधर्मी होते. तशा मातीत ओंजळभर राख हे खरेखुरे खत आहे. त्यांनी जे पाहिले ते तेथे खरेच घडत होते. मातीच बदलली आहे, हे त्यांना अहवाल दाखवून जरूर सांगावे. माव्यासाठी कोरडी राख काही अंशी चालते, पण पावसात ती धुऊन थेट आळ्यातच जाते, म्हणून पावसाळ्यात पानांवरही टाकू नये.

तातडीचा उपाय म्हणजे फवारणी. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, पावसाची उघडीप पाहून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण त्याच दिवशी संपवावे. जमिनीत द्यायचे असेल तर हिराकस शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावे, कारण नुसते टाकलेले हिराकस तुमच्या मातीत पुन्हा अडकून पडेल. एका वाफ्यावर फवारणी न करता तो तसाच ठेवला तर फरक घरातल्या सर्वांना डोळ्यांनी दिसेल.

सांजवेळ:

दुधीबद्दल मी सांगते. दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुले येतात. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, तर मादी फुलाच्या बुडाशी पहिल्यापासूनच इवलासा दुधी असतो. आपण ज्याला कोवळा दुधी समजून हरखतो, तो बहुधा अजून फलनही न झालेला असतो. नर फुलातील पराग त्या मादी फुलापर्यंत पोहोचले नाहीत तर तो दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. नेमक्या त्याच दिवसांत तो पहिल्यांदा नजरेस पडतो आणि माणूस बोट दाखवतो, त्यामुळे दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला गेला असावा. आपल्या नातीने दाखवले नसते तरी ते चार दुधी गळालेच असते, हे तिला अवश्य सांगावे.

दुधीची पांढरी फुले तिन्हीसांजेला उमलतात आणि पतंग ती फळवतात. तांबड्या भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, तेथे मधमाश्या येतात. पावसाच्या झडीत संध्याकाळी पतंग फारसे फिरकत नाहीत. म्हणून अंधार पडता पडता ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे सारून मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. दोडक्यालाही हीच वेळ चालते. हे काम नातीलाच द्यावे, असे मला मनापासून वाटते.

कुंडीचे थोडक्यात सांगते. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजल्यावरच ते खाली सुटते. त्यामुळे खड्यांचा थर घातला की ओल तेवढी वर सरकते आणि मुळांना जागा कमी उरते. भोकावर एक खापरी पुरे. काळी माती कुंडीत नुसती भरू नये. तीत कुजलेले पाचट आणि भाताचे तूस मिसळावे. थेंबांच्या भिंगाचे म्हणाल तर २०१० साली हंगेरीतील संशोधकांनी ते तपासले होते. गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे डाग पडले नाहीत. ज्या पानांवरील लव थेंबाला पृष्ठभागापासून वर उचलून धरते, तेथेच ती शक्यता आढळली. भर दुपारी पाणी घालू नये हे मात्र योग्यच आहे, कारण बरेचसे पाणी वाफ होऊन जाते.

परड्यातली:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. दोन फवारण्या झाल्या. फवारलेल्या टोमॅटोची नवी पाने हिरवी आली आहेत, आधीची पांढरट पाने मात्र फारशी सुधारली नाहीत. मेथीचा एक वाफा तसाच ठेवला होता, तो अजून पिवळा आहे. सासूबाई दोन्ही वाफ्यांजवळ बराच वेळ बसून होत्या. नंतर म्हणाल्या, "आमच्या तांबडीत राख लागतीच. हितं नको म्हणती जमीन, तर नको." बंबाची राख आता त्या डब्यात भरून ठेवतात आणि माहेरचे कोणी आले की बरोबर देतात.

नात रोज संध्याकाळी विजेरी घेऊन मांडवाखाली जाते. तिने फळवलेल्या सहा फुलांपैकी चार दुधी धरले. मात्र त्यांतील एकाला बारीक छिद्र पडून चिकट पाणी आले आणि आत अळ्या निघाल्या. ही फळमाशी असावी का? सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवल्या आहेत. त्या केव्हा बांधाव्यात?

सांजवेळ:

फळमाशीच आहे. किडका दुधी पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावा, मातीत पुरू नये, कारण अळ्या मातीतच कोष करतात. फळ धरले असे दिसले की फूल सुकताच पिशवी बांधावी आणि तोडेपर्यंत ठेवावी. दुधी लांब वाढतो, त्यामुळे पिशवी हातभर लांब असावी आणि देठाकडे सैल बांधावी. मांडवात क्यू-ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) एक सापळाही लावावा. त्यात नर माश्या अडकतात.