मदत हवी आहे: उघड्यावर पाजती शेळी कापली, तक्रार कुठे करायची?

आम्ही कोल्हापूरचे, रविवारी घरात मटण असतंच. तेव्हा हा धागा मटण खाण्याविरुद्ध नाही, आधीच सांगते.

आखाडातला परवाचा रविवार. सकाळी ७ लाच दुकानावर गेले, उशीर केला की पालव्याचं (कोवळ्या बकऱ्याचं) मटण संपतं. शटरला दोन बकरी बांधलेली आणि त्यांच्या पुढ्यातच, गटारीच्या कडेला एक शेळी पाडलेली. ती दोन मागं सरत होती, दावं ताणलं की खूर ओल्या फरशीवर घसरायचे. शेळीची कास भरलेली होती. सुरी लागली तसं रक्तात दूध उतरलं. मी म्हणाले, "मामा, ही पाजती दिसतेय." ते म्हणाले, "बाजारात आली ती घेतली, ताई." टांगलेल्या मटणावर तपासणीचा शिक्काही नव्हता.

त्या दिवशी मटण न घेताच परत आले. पण याच मामांनी आईचा पाय मोडला तेव्हा महिनाभर सूपासाठी पाय घरपोच दिले होते. त्यांचं दुकान बंद पडावं असं मला अजिबात वाटत नाही. हे थांबावं, एवढंच. महापालिका, अन्न व औषध प्रशासन की पोलीस, जायचं कुणाकडं?

प्रतिसाद:
ताई, २००१ च्या कत्तलखाना नियमांतला नियम ३ वाचा. महापालिका हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण शेळी, ३ महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली शेळी, ३ महिन्यांच्या आतलं करडू, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला नसलेलं जनावर, यातलं काहीच चालत नाही. एका जनावरादेखत दुसरं कापायचं नाही, हे नियम ६ मध्ये आहे. पिल्लू किती महिन्यांचं होतं हे आता सिद्ध होणं अवघड, त्यात अडकू नका. दाखल्याचं विचारा. तो एकतर असतो किंवा नसतो, त्यात वाद उरत नाही.

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांशी क्रूरता रोखणारा. हे नियम मोडले तर दंड फार तर १०० रुपये, नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्हाला जे हवंय त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढू नका, असं माझं मत. उघड्यावरच्या कत्तलीचा अर्ज महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं द्या, दुकानाच्या स्वच्छतेचा अन्न व औषध प्रशासनाकडं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे आधी सुधारणेची नोटीस निघते आणि किमान १४ दिवसांची मुदत मिळते. तरीही ऐकलं नाही तर परवाना निलंबित होतो, रद्द होणं त्याच्याही पुढचं. मामांना सुधारायला वाव आहे.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. ही १४ दिवसांची गोष्ट माहीतच नव्हती. आधी मामांना भेटून हे सगळं सांगते, टेंबलाईच्या जत्रेची गर्दी व्हायच्या आत. नाही ऐकलं तर अर्ज. आरोग्य विभागाकडं असा अर्ज कुणी दिलाय का? पोच मिळाली का?